दोन पिढ्या वरचा वस्ताद

"आरं, बाटली खाली ठेव आदी. तेल कुटं पळून चाललं न्हाय. काय सांगत व्हतो? हां. आमचा मूळपुरुस, यककान्या मियाओ, डोंगरातनं खाली उतरला, तवा लुआनवाडीत मूठ कशी वळायची ह्येबी कुनाला ठावं नव्हतं. अंगठा आत घालून मूठ वळायची ती मानसं! मारायला जायची अन् सोताचाच अंगठा मोडून घरला यायची."

"शिहूकाका, मागल्या बाजारालाबी तुमी ह्येच सांगितलं."

"मागल्या बाजाराला तू मधीच पळालास. आज पुरतं ऐक. तर यककान्यानं लुआनवाडीच्या म्हाताऱ्याला ह्या हातानं असा उचलला—"

हात वर गेला तसा हातातला तांब्याचा पोकळ भोपळाही वर गेला आणि गिऱ्हाइकाच्या नव्या सदऱ्यावर तिळाच्या लगद्याचे शिंतोडे उडाले. मियाओ शिहूकडं तेलाला जायचं तर जुना सदरा घालून जायचं, हे आमच्या गोडविहिरीत शेंबडं पोरगंही सांगेल. हे गिऱ्हाईक परगावचं, दुसऱ्यांदाच आलेलं.

शिहूचं काम असं: तीळ धुवायचे, मोठ्या कढईत काळपट होईतो भाजायचे, दगडी जात्यावर दळायचे, आणि त्या दाट लगद्यात उकळतं पाणी ओतून तांब्याचा भोपळा दांडीला धरून वर-खाली, वर-खाली करत बसायचं. तेल आपल्या पायानं वर येतं. घाई केली तर येत नाही आणि हात थांबला तरी येत नाही. त्यामुळं दिवसाचा बराच वेळ शिहूचे हात अडकलेले आणि तोंड रिकामं, अशी अवस्था. त्या रिकाम्या तोंडातून जे बाहेर पडायचं, ते म्हणजे आमच्या मुठीची, म्हणजे मुठीनं लढायच्या विद्येची, उत्पत्ती.

आता मूठ कुठल्या गावात नाही? आमच्या या खाऱ्या मुलखात शिवार सोडलं की दुसरी तालीम लागते. आणि कुठल्याही तालमीत विचारा, हे हात, म्हणजे हे डाव, आले कुठून, की एकच उत्तर: डोंगरातल्या मठातून एक साधू आला आणि शिकवून गेला. एवढे साधू जर खरोखर खाली उतरले असते, तर मठात घंटा वाजवायला कुणी उरलं नसतं. पण असं शिहूला म्हणायची सोय नव्हती. त्याचा यककान्या मियाओ त्या साधूकडं पाणक्या होता. तिथं तो बारा वर्षं पाणी वाहता वाहता शिकला, एका सरदाराच्या तलवारीनं कान गमावून परत आला, लुआनवाडीच्या म्हाताऱ्याला आपटला, आणि मग त्याला स्वतः न शिकवता आपल्या पट्ठ्याकडून शिकवून घेतलं. का, तर थेट शिकवण्याएवढी त्या म्हाताऱ्याची लायकी नव्हती. म्हणून गोडविहीर लुआनवाडीच्या दोन पिढ्या वर.

लुआनवाडीचा वस्ताद लुआन बाओथाई. गाढवाच्या मांसाच्या खुसखुशीत रोट्या विकणारा, बुटका, पोटाळ, डोळ्यानं हसणारा माणूस. त्याची गोष्ट वेगळी. यककान्या म्हणे त्यांच्या तालमीच्या भिंतीवरून डोकावून हात चोरायचा, आणि कान गेला तो कुत्रं चावून.

परक्याला वाटेल, यात भांडण्यासारखं काय आहे? अहो, सगळंच आहे. आमच्याकडं वस्तादापुढं उदबत्ती लावली, चहाचा पेला दिला आणि कपाळ जमिनीला टेकलं की माणूस मुठीच्या घराण्यात आला. मग वयाला कोण विचारतं? मिशा पिकलेला गडी हातभर पोराला "काका" म्हणतो, कारण पोराचा वस्ताद वरच्या पिढीचा. दोन तालमी समोरासमोर आल्या की खालच्या पिढीनं आधी निशाण झुकवायचं. आमच्या आणि लुआनवाडीच्या निशाणांनी एकमेकांना बघितलंच नव्हतं, कारण टेकाडावरच्या आईच्या जत्रेला दोघंही वेगवेगळ्या वाटेनं जायचे. एकदाच, शिहूच्या बापाच्या काळात, कालव्याच्या पुलावर चुकून गाठ पडली. कुणी झुकेना. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दोन्ही गावं पुलावर उभी. शेवटी जत्रा उठून देवळातला पुजारीच घरी जाताना म्हणाला, "जरा वाट सोडा रे," तेव्हा मिटलं.

शिहूला एकच लेक, शियाओमान. मुलीला मूठ द्यायची नाही हा जुना नेम, कारण मुलगी सासरी जाते आणि मूठ तिच्याबरोबर जाते. शिहूनं नेम पाळला, म्हणजे आपल्या पद्धतीनं पाळला. पोरीला सगळे हात शिकवले आणि वर म्हणाला, "ह्ये तब्येतीसाठी." कपाळ मात्र टेकू दिलं नाही. तब्येत अशी झाली की एका पिदाड ट्रॅक्टरवाल्यानं बाजारात तेलाचे डबे लाथाडले, तर तिनं त्याला पेंडीच्या ढिगात कमरेपर्यंत रोवला आणि सुटे पैसे मोजून गिऱ्हाइकाच्या हातात दिले. तालमीत तिला रोखणारा एकही गडी नव्हता. तरी जत्रेला ती काय करायची? सतरंज्या उचलायची. निशाण धरायचे शिहूचे पुतणे, ज्यांना ती रोज संध्याकाळी धुळीत लोळवायची.

एका सकाळी कढईखाली जाळ सारता सारता ती म्हणाली, "आबा, म्या लगीन ठरवलंय."

"कुनाशी?"

"लुआन देशुनशी. बाओथाईच्या थोरल्याशी."

शिहूचा झारा थांबला. दुसरा बाप असता तर म्हणाला असता, वैऱ्याच्या घरात? शिहू म्हणाला, "आगं, त्यो तुजा नातू लागतोय!"

"माज्यापरास दोन वर्सांनी थोरला हाय त्यो."

"वयाचं कोन बोलतंय? त्येचा बा माजा नातपट्ठा. म्हंजी तू त्येच्या बाची आत्या. अन् देशुन तुजा नातू! यककान्या थडग्यात उठून बसंल."

आतून शियाओमानची आई म्हणाली, "बसू दे. बसल्या बसल्या तीळ निवडाया द्या त्येला."

"तू गप. अन् काय गं, ह्यो देशुन तुला गावला कुटं?"

शियाओमाननं जाळ उगाच सारखा केला. "तेल द्यायला जाती की."

"लुआनवाडीत? माजं तेल? बाओथाई तर चारचौघांत छाती बडवून सांगतो, तालुक्याच्या तेलाबिगर हात लावत न्हाय म्हनून!"

"त्येला तसंच वाटतंय. डबा तालुक्याचा, तेल तुमचं. देशुन मागल्या दारानं वतून घेतो."

शिहूचा चेहरा बघण्यासारखा झाला. रागवायचं होतं, पण ओठ हसायला बघत होते. "म्हंजी त्येच्या रोट्यांची समदी वाहवा..."

"तुमच्या तेलाची. आता झारा हलवा, करपतंय."

आठवड्याभरात बाओथाई स्वतः आला. ज्वारीच्या दारूच्या दोन बाटल्या लाल कागदात, हातात मिठाईचा खोका. मी आमच्या तालमीचा ढोलवाला. शिहूच्या अंगणात ढोलाला कातडं ताणत बसलो होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. शिहू भोपळा हाणत होता, उठला नाही. खालच्या पिढीसाठी कोण उठतं? आता भांडण होणार म्हणून मी ढोल जरा बाजूला घेतला.

बाओथाईनं बाटल्या ठेवल्या, विजार सावरली, आणि धपकन गुडघ्यावर बसून कपाळ जमिनीला लावलं.

"आजेगुरू! नातपट्ठ्याचा दंडवत घ्या."

भोपळा लगद्यात तसाच तरंगत राहिला. शिहूनं माझ्याकडं बघितलं, मी शिहूकडं बघितलं. ज्यासाठी त्याच्या बापानं दिवसभर पुलावर उन्हात पाय मोडून घेतले, ते अंगणात आपण होऊन चालत आलं होतं.

"ऊठ बाळा, ऊठ," शिहू म्हणाला. बाळ शिहूपेक्षा चार महिन्यांनी मोठं होतं. "उशिरानं का हुईना, उजेड पडला."

"पडला, आजेगुरू. तुमीच वरचे. पन मग येक अडचन आली." बाओथाई उठला नाही, नुसता टाचांवर बसला. "तुमची लेक माजी आत्या. ती सून म्हनून घरात आली, तर नव्या वर्साला म्या तिच्या पाया पडायचं? बरं, पडलो. उद्या तिला पोरगं झालं. आत्याचं पोरगं म्हंजी माजा भाऊ. पाळन्यातल्या नातवाला म्या काय 'दादा, दूद पिलास का' म्हनायचं? असली सोयरीक कुनी केलीय का सांगा. तवा बैठक मोडू. आजेगुरूंचा मान मोटा, पोरांच्या लग्नाचं काय येवढं!"

तेव्हा शिहूला कळलं की हा माणूस पाया पडायला नाही, पाय धरून पाडायला आलाय.

"थांब," शिहू म्हणाला. "शियाओमाननं कुनापुढं कपाळ टेकलेलं न्हाय. ती घराण्यातच न्हाय. तिला पिढीच न्हाय, मग कशाची आत्या?"

बाओथाई याचीच वाट बघत होता. त्याचे डोळे हसले. "न्हाय ना? मग तर सोपंच झालं! म्या घेतो तिला. माज्यापुढं टेकू दे कपाळ, माजी पट्ठी हुईल, देशुनच्या बरोबरीची. अन् यंदाच्या जत्रंला लुआनवाडीचं निशाण तिच्याच हातात."

शिहू हसला. म्हणजे त्याला वाटलं तो हसला. "शियाओमान, सांग ह्येला."

शियाओमान जात्याजवळ उभी होती. ती म्हणाली, "टेकते की."

"काय?"

"आबा, म्या हातभर व्हते तवापास्नं वाट बघते कुनीतरी म्हनंल, ये, कपाळ टेक. तुमी म्हनला न्हाईसा. त्यांनी म्हनलं."

"आगं, त्यो लबाडीनं म्हनतोय!"

"म्हनला तरी. तुमी लबाडीनंबी म्हनला न्हाईसा." आणि जात्यावरचा हात काढून म्हणाली, "जत्रंपत्तूर येळ हाय. तुमच्यापुढंच टेकायची इच्छा हाय माजी. पन मग पिढीचा गुंता तुमी सोडवायचा. म्या देशुनला सोडनार न्हाय."

झालं. वरच्या दोन पिढ्या ठेवल्या, तर गोडविहिरीतली सगळ्यात चांगली मूठ लुआनवाडीचं निशाण घेऊन पुलावर उभी राहणार. आणि लेकीला स्वतःची पट्ठी करून घ्यायचं, तर यककान्याला डोंगरात परत धाडायचा, म्हणजे वरच्या दोन पिढ्या सोडायच्या. तिसरी वाट नव्हती. शिहूनं शोधली नाही असं नाही. पुतण्यांपैकी एखाद्याशी बाओथाईची भाची जमवून हिशेब उलटा करता येतो का, इथपर्यंत त्याची मजल गेली. पुतणे म्हणाले, भाची बघू, पण शियाओमान तिकडून लढणार असेल तर आम्ही यंदा जत्रेला येत नाही.

त्या दिवसांत त्याची एक अख्खी कढई करपली. गावात इतका धूर झाला की लोक पाण्याच्या बादल्या घेऊन आले. शिहू कढईसमोर मख्ख बसलेला.

बायको म्हणाली, "दोन पिढ्या उतरून या खाली. शिडी धरू का?"

"तुला चेष्टा सुचती. आज्यानं सांगितलेलं हाय म्या सांगतोय ते."

"आज्याला कुनी सांगितलं?"

"त्येच्या आज्यानं."

"त्यो डोंगरात गेल्ता बघाया?"

"यककान्या गेल्ता!"

"अन् यककान्यानं गावात येऊन काय सांगितलं असंल? कुत्रं चावलं म्हनून सांगितलं असंल?"

शिहू माझ्याकडं वळला; मीही बादली घेऊन आलो होतो. मग मला म्हणाला, "ढोलवाल्या, तू सांग. साधू आल्ता का न्हाय?" मी म्हटलं, वस्ताद, मी ढोल वाजवतो. जे सांगाल त्यावर वाजवीन.

जत्रेच्या सकाळी शिहूनं तालीम गोळा केली आणि म्हणाला, "पुलावरनं जायचं." कुणाचा विश्वास बसेना. पण त्यानं ताकीद दिली, आणि आम्ही निघालो: पुढं निशाण, मागं ढोल, झांजा, भाले-लाठ्या घेतलेले पुतणे. पुलाजवळ पोचतो तर पलीकडून लुआनवाडी येतेय. शियाओमानकडून ऐकून देशुननं घरी आधीच कळवलं असणार. आणि पुलाच्या मधोमध, दोन्ही गावांच्या बरोबर मध्ये, शियाओमान उभी. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात एकच पेला.

सगळं थांबलं. जत्रेला जाणारे लोक कठड्यावर चढून बसले. सूर्यफुलाच्या बिया विकणाऱ्यानं टोपली खाली ठेवून तिथंच धंदा मांडला. जुन्या लोकांनी आज दिवेलागण होणार म्हणून अंगरख्याच्या गुंड्या सोडल्या.

शिहू पुढं आला. घसा खाकरला.

"ऐका. आजपत्तूर म्या येक गोस्ट सांगत आलो. आज नीट सांगतो. आमचा यककान्या अन् लुआनवाडीचा म्हातारा, दोगं ह्याच कालव्याच्या काठाला कलिंगडाच्या गाडीपायी भांडले. सकाळपास्नं सांजंपत्तूर मारामारी. ह्यानं त्येला येक हात दावला, त्येनं ह्याला येक दावला. कुनी हारंना. दमले. मग दोगांनी बसून कलिंगडं खाल्ली. खाता खाता ह्यानं इचारलं, त्यो मगाचा हात कसा केलास रं? त्येनंबी इचारलं. तीच आपली मूठ. कुनी कुनाला शिकवली ते कलिंगडाला ठावं. म्हंजी दोनी तालमी येकाच पिढीच्या."

मग कुणीतरी म्हणालं, "अन् साधू?"

"साधू त्या दिशी आल्ता न्हाय," शिहू दात चावत म्हणाला.

"अन् कान?"

बापजाद्यांची तलवार त्यानं गिळली. "थंडीनं गळाला."

बाओथाईचं तोंड आनंदानं पसरलं. "वाऽ शिहू! आता खरं बोललास. फकस्त आमची भिंत राहिली बघ. भिंतीवरनं डोकावून—"

"भिंत न्हाय," शिहू म्हणाला.

"असं कसं? भिंत हाय. माज्या आज्यानं दावलीय मला."

"माजा डोंगूर गेला तर तुजी भिंतबी गेली."

"भिंत जाती कुटं? इटांची हाय!"

शिहूनं हात झटकले. भोपळा हाणून हाणून दोरखंडासारखे झालेले हात त्यानं पाठीमागं बांधले. "बरं. ऱ्हाऊ दे तुजी भिंत. मग माजा डोंगूरबी ऱ्हातो. साधू ऱ्हातो. अन् माज्या अंगनात तू टेकलेलं कपाळबी ऱ्हातं. ढोलवाल्यानं बघितलंय."

सगळा पूल माझ्याकडं वळला. मी ढोलावर एक टिपरी मारली.

"मग आता हितं," शिहू म्हणाला, "समद्या जत्रंदेखत आत्याच्या पाया पड. ती काय उभीच हाय."

बाओथाईनं शियाओमानकडं बघितलं. ती आत्यासारखीच उभी होती. त्यानं मागं वळून आपल्या गावाकडं बघितलं. गाव हसू दाबत होतं. आपल्याच गुडघ्यानं तो धरला गेला होता. मागून देशुन म्हणाला, "आबा, लवकर बोला. चहा निवतोय."

"भिंत..." बाओथाई म्हणाला, "...भिंत मागनं बांधली."

"अन् कुत्रं?"

त्याला भिंतीपेक्षा कुत्र्याचं जास्त वाईट वाटलेलं दिसलं. "कुत्रंबी नव्हतं."

मग दोन्ही निशाणं झुकली, एकदम. एकदम म्हणजे, आम्ही म्हणतो एकदम.

शियाओमाननं चहा ओतला, शिहूपुढं गुडघे टेकले, पेला दोन्ही हातांनी वर धरला. शिहूनं घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. किटली तेलघराची होती, चहाला तिळाचा वास येत होता. त्यानं पेला संपवला. तिनं पुलाच्या फरशीला कपाळ लावलं. उदबत्त्या लावल्या होत्या, पण कालव्याच्या वाऱ्यानं त्या विझल्या, पुतण्यांनी परत लावल्या, परत विझल्या. नव्या पट्ठ्याला वस्तादानं पहिला धडा द्यायचा असतो. सगळे हात तर शिहूनं तिला आधीच दिलेले.

"अंगठा बाहीर ठेवायचा," तो म्हणाला.

"ठावं हाय, आबा," ती म्हणाली, आणि उठून पुतण्याच्या हातातलं निशाण काढून घेतलं.

देवळापर्यंत पोचायच्या आत दोन्ही गावांत भांडण लागलं होतं, की पुलावर कुणाचं निशाण आधी खाली गेलं. ते अजून चाललंय. लग्नाच्या पंगतीतही त्यावरून दोन वाडगे फुटले.

आणि शिहू? परवाच मी तेलाला गेलो होतो, जुना सदरा घालून. बाओथाई तिथं बसलेला, हातात स्वतःचा डबा, उघडउघड. तेलाची लबाडी त्याला कळली, पण रोट्यांचं नाव झालेलं असल्यानं रागवायची सोय राहिली नाही. एक परगावचं गिऱ्हाईक बाटली धरून उभं होतं, आणि शिहू त्याला सांगत होता, "बाटली खाली ठेव आदी. तर त्या दोगांची जुंपली कलिंगडाच्या गाडीपायी. अन् ती कलिंगडं व्हती कुनाची? आमच्या गोडविहिरीची! खाऱ्या पान्यावर तसलं कलिंगड येतंय व्हय?"

"गाडी आमची व्हती," बाओथाई म्हणाला.

"गाडीचं काय? गाडी कुनी खाल्ली का?"

"गाडीच नसती तर कलिंगडं काय चालत आली असती?"

"सोयरा हायस म्हनून ऐकून घेतो—"

"म्याबी सोयरा हाय म्हनूनच बसलोय!"

आतून शियाओमानची आई ओरडली, "पानी उकळून निम्मं झालं! कलिंगडं ठेवा अन् लगद्यात वता!"

शिहू उठला. उकळतं पाणी लगद्यात ओतलं, बाओथाईला म्हणाला, "सरक," आणि तांब्याचा भोपळा दांडीला धरून खाली दाबला. वर, खाली, वर, खाली. तेल अजून यायचं होतं.